मुलाखतीची तालीम नको, लग्नाच्या दोन तारखांचा खुलासा करणारा कागद द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

चतुर्थीसाठी तीन आठवडे घरी आले आहे. माटोळीचे सामान ज्यात बांधून आणले होते ते वर्तमानपत्राचे पान उलगडताना एका जाहिरातीवर नजर थांबली आणि हे पत्र लिहायला बसले. लग्नाच्या आधारावर अमेरिकेत स्थायिक होऊ पाहणाऱ्या जोडप्यांची तेथील इमिग्रेशन मुलाखतीसाठी तयारी करून घेतली जाईल, दोनशे प्रश्न उत्तरांसह दिले जातील आणि नवरा-बायकोचा वेगवेगळा सराव घेतला जाईल, अशी ती जाहिरात होती. दहावीला 'अपेक्षित' पाठ करून गेलेल्या आमच्या पिढीला तो मजकूर ओळखीचाच वाटावा. ही मुलाखत मी सव्वा वर्षापूर्वी पतीसमवेत न्यू जर्सीत दिली आहे, आणि त्या अनुभवावरून मला ठामपणे म्हणावेसे वाटते की खऱ्या लग्नाला असल्या तालमीची गरज नसते. तालमीमुळे खरे लग्नदेखील बनावट दिसू लागते. गोव्याच्या जोडप्यांची जी खरी अडचण आहे ती आपल्याकडील लग्नाच्या नोंदणीतून येते आणि तिच्याविषयी जाहिरात देणारे एक अक्षर लिहीत नाहीत.

प्रथम ही मुलाखत कशाची असते ते सांगते, कारण गावात तिच्याविषयी फिरणाऱ्या गोष्टी बहुतेक सिनेमातल्या असतात. अमेरिकन नागरिकाने आपल्या पतीसाठी किंवा पत्नीसाठी आय-१३० नावाचा अर्ज करायचा असतो. जोडीदार रीतसर प्रवेश करून आधीच अमेरिकेत राहत असेल, तर त्याने कायम वास्तव्यासाठी, म्हणजे ज्याला सगळे ग्रीन कार्ड म्हणतात त्यासाठी, आय-४८५ हा अर्ज भरायचा असतो, आणि हे दोन्ही अर्ज एकदमच देता येतात. माझे पती मडगावचे. अकराव्या वर्षी आईवडिलांबरोबर तिकडे गेले आणि पुढे तेथील नागरिक झाले. मी नोकरीच्या एच-१बी व्हिसावर होते. आमचे लग्न २०२२ साली गोव्यात झाले, परत गेल्यावर आम्ही अर्ज भरले, हातांचे ठसे दिले, ठरवून दिलेल्या डॉक्टरकडून माझी वैद्यकीय तपासणी झाली, पतींनी आय-८६४ हे उत्पन्नाचे हमीपत्र जोडले. नागरिक जोडीदाराचे उत्पन्न तेथील सरकारी दारिद्र्यनिकषाच्या साधारणपणे किमान १२५ टक्के असावे लागते, एवढे या हमीपत्राबद्दल ध्यानात ठेवले की पुरे. त्यानंतर एक वर्षाहून अधिक काळ काहीच घडले नाही आणि मग मुलाखतीचे पत्र आले. अशा मुलाखतीला दोघांनीही हजर राहायचे असते. वकील सोबत नेता येतो, मात्र तो तुमच्या वतीने उत्तरे देऊ शकत नाही.

आम्ही वकील नेला नाही. एक जाडजूड फाइल मात्र नेली, जिचे वजन विमानात हातातल्या बॅगेला परवानगी असते तेवढे तरी भरले असावे. तीत घरभाड्याचा दोघांच्या नावाचा करार, जॉइंट खात्याची सव्वा वर्षाची विवरणपत्रे, एकत्र भरलेला आयकर, विम्याचे वारसपत्र, विजेची बिले, लग्नाचे आणि नंतरचे फोटो, आणि दोघांचे जन्मदाखले होते. प्रतीक्षागृहात आमच्या शेजारचे जोडपे एका कागदावरून एकमेकांना हळू आवाजात प्रश्न विचारत होते. ते पाहून पतींनी माझ्या कानाशी येऊन विचारले, "आपल्या उशीच्या अभ्र्याचा रंग कोणता?" मला खरोखरच आठवला नाही.

आत गेल्यावर अधिकारीबाईंनी आम्हाला बसू दिले नाही. आधी उभ्यानेच उजवा हात वर करून, जे सांगू ते खरे सांगू, अशी शपथ घ्यावी लागली. मग त्यांनी माझा अर्ज पुढ्यात घेतला आणि त्यातले हो-नाहीचे प्रश्न एकामागून एक वाचले: कधी अटक झाली होती का, कधी खोटी माहिती देऊन व्हिसा मागितला का, कम्युनिस्ट पक्षाच्या सदस्य होता का. माझे आजोबा खाण कामगारांच्या संघटनेत होते, पण प्रश्न माझ्यापुरता होता, तेव्हा मी नाही म्हटले. हा भाग कंटाळवाणा असतो आणि लोक तिकडे दुर्लक्ष करतात. वास्तविक सर्वाधिक लक्ष द्यावे असा तोच भाग आहे, कारण शपथेवर दिलेले खोटे उत्तर पुढे कधीही उकरून काढले जाऊ शकते.

मग लग्नाकडे वळल्या. तुमची ओळख कशी झाली, मागणी कोणी घातली, आईवडील लग्नाला होते का, असे साधे प्रश्न झाले. त्यानंतर त्यांनी माझ्या पतींकडे पाहून विचारले, लग्न कोणत्या तारखेला झाले? पती एका क्षणात म्हणाले, १४ डिसेंबर. बाईंची नजर अर्जावर गेली. दोन्ही अर्जांत आम्हीच आमच्या हाताने २४ नोव्हेंबर लिहिले होते, कारण दाखल्यावर तीच तारीख होती. समोर पडलेल्या फोटोंच्या कोपऱ्यात छायाचित्रकाराने छापलेली तारीख १४ डिसेंबर होती. त्या खोलीत जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही.

आपल्या वाचकांना यातली मेख लगेच कळेल, पण गोव्याबाहेरच्या माणसाला ती समजावून सांगणे किती कठीण असते ते मी त्या पाच मिनिटांत शिकले. आपल्याकडे १८६७चा पोर्तुगीज नागरी कायदा आहे. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर लग्न हा दिवाणी करार ठरवणारा कायदा झाला, तोही इथे लागू झाला, आणि १९६१च्या मुक्तीनंतरही ती व्यवस्था चालू राहिली. त्यामुळे हिंदूंचे लग्न कायद्याने होते ते तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारच्या कचेरीत, सह्या घालून. पहिली सही म्हणजे लग्न करण्याचा इरादा जाहीर करणे. त्यानंतर नोटीस लागते, कोणाची हरकत असेल तर ती मांडायला मुदत मिळते आणि मग साक्षीदारांसह दुसरी सही होते. पहिली सही म्हणजे लग्न नव्हे, दुसरी सही म्हणजे लग्न. देवळातले किंवा सभागृहातले विधी याच्या आधी होवोत की नंतर, दाखल्यावर त्यांचा उल्लेख नसतो. ख्रिस्ती कुटुंबांची वाट थोडी वेगळी आहे. तिथे रजिस्ट्रारकडून ना-हरकत घेऊन चर्चमध्ये लग्न लागते आणि चर्चमधील नोंद मग सरकारदप्तरी जाते, त्यामुळे दोन तारखांचा घोळ त्यांना आमच्याइतका होत नाही.

आणि घरात लग्नाचा वाढदिवस कोणता धरतात? ज्या दिवशी अंतरपाट दूर झाला तो. आमच्या दोन्ही घरांत २४ नोव्हेंबर ही तारीख कोणाच्याही लक्षात नाही. त्या दिवशी मुहूर्त नव्हता, हार नव्हते, मार्दोळच्या जायांची माळसुद्धा नव्हती. माझा मामा साक्षीदार होता आणि बस चुकल्यामुळे तो पाऊण तास उशिरा आला. तोपर्यंत आम्ही रांगेतला नंबर दोनदा दुसऱ्यांना देऊन टाकला होता.

मी हे सगळे माझ्या परीने सांगितले. बाई शांतपणे ऐकत होत्या, पण त्यांचा चेहरा काही सैल झाला नव्हता. मग त्यांनी एकदम विचारले, बरे, त्या २४ नोव्हेंबरला सह्या घातल्यावर तुम्ही काय केलेत? आम्ही दोघेही एकाच वेळी बोललो: कचेरीसमोरच्या हॉटेलात खाल्ले. काय खाल्लेत? पती म्हणाले, पातळभाजी आणि पाव. मी म्हणाले, छे, सुकी भाजी होती, पातळभाजी मामाने मागवली होती. पतींना ते पटेना. समोर अधिकारी बसल्याचे विसरून आम्ही दोघे इंग्रजीतून मराठीवर कधी आलो ते कळलेच नाही. बाईंनी हात वर करून आम्हाला थांबवले, काहीतरी टिपून घेतले, आणि पहिल्यांदा थोड्या हसल्या.

या प्रसंगातून मी जे समजले ते त्या दोनशे प्रश्नांत सापडणार नाही. दोन माणसांची आठवण कधीच तंतोतंत जुळत नाही, हे या अधिकाऱ्यांना पुरेपूर ठाऊक असते. रोज तेच तर पाहतात. त्यांना शोधायचे असते ते वेगळेच: केवळ कार्डासाठी कागदावर मांडलेला संसार. तसे लग्न करणे हा तिथे गुन्हा आहे आणि त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. शिवाय एकदा का तसा ठपका नोंदला गेला, की पुढे दुसरे लग्न कितीही खरे असले तरी जोडीदाराचा अर्ज मंजूर होण्याची वाट बंद होते. संशय बळावला तर नवऱ्याला एका खोलीत आणि बायकोला दुसऱ्या खोलीत नेऊन तेच प्रश्न दोघांना विचारतात आणि उत्तरे ताडून पाहतात. न्यूयॉर्कमध्ये १९७५ साली गाजलेल्या एका खटल्यावरून या वेगवेगळ्या मुलाखतीला अजूनही 'स्टोक्स' म्हणतात. एवढी शिक्षा आणि एवढी कसून तपासणी ज्या प्रसंगाभोवती आहे, तिथे पाठ केलेली उत्तरे घेऊन जाणे म्हणजे आपणहून संशय ओढवून घेणे होय.

याचे एक उदाहरण मी जवळून पाहिले आहे. आमच्या ओळखीचे एक जोडपे, मुलगी बार्देशातली, मुलगा तिकडेच वाढलेला, दोघांचे लग्न घरच्यांनी ठरवलेले आणि अगदी सरळ. मुलीच्या घरच्यांनी काळजीपोटी इथल्या एका एजंटाला बरेच पैसे मोजले. त्याने त्यांना प्रश्नसंच दिलाच, वर असेही सांगितले की फोटो कमी आहेत, ते वाढवा. तेव्हा ती गोव्यात असतानाच एका दुपारी चार साड्या बदलून, कधी अंगणातल्या तुळशीपाशी, कधी बाल्कनीत, कधी मामाच्या गाडीला टेकून फोटो काढले गेले आणि त्यांच्यामागे तीन निरनिराळ्या महिन्यांच्या तारखा लिहिल्या गेल्या. मुलाखतीत अधिकाऱ्याने ते फोटो एका ओळीत मांडले. सगळ्यांत हातावरची मेंदी तेवढीच लालभडक होती. पुढे दोघांना वेगवेगळे बसवले, तेव्हा दोघांची उत्तरे शब्दाला शब्द जुळली, आणि संचाबाहेरचा पहिला प्रश्न, आदल्या रात्री कचऱ्याची पिशवी खाली कोणी नेली, हा आल्याबरोबर दोघेही गडबडले. त्यांचे लग्न खरे होते, तारखा मात्र खोट्या होत्या, आणि जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचा ठपका हा त्या देशात आयुष्यभर पाठ न सोडणारा प्रकार आहे. त्यांचे प्रकरण अजून वकिलाकडे आहे. एजंटाने फोन उचलणे बंद केले आहे.

मला 'माहीत नाही' म्हणायला कोणी शिकवले नव्हते, पण त्या सकाळी मी ते तीन वेळा म्हटले. पतींच्या पहिल्या नोकरीचा पगार मला माहीत नव्हता. सासऱ्यांची जन्मतारीख आठवली नाही. उशीच्या अभ्र्याचा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

आता तारखेचे पुढे काय झाले ते सांगते, कारण या पत्राचे मूळ कारण तेच आहे. बाईंनी त्या दिवशी अर्ज नाकारला नाही आणि मंजूरही केला नाही. त्यांनी आमच्या हाती एक लेखी सूचना दिली: लग्नाच्या दोन तारखांचा खुलासा करणारा अधिकृत कागद ठरावीक मुदतीत पाठवावा. मी त्याच रात्री बाबांना फोन केला. सत्तरी ओलांडलेले माझे बाबा दुसऱ्या दिवशी आमच्या तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाचे म्हणणे असे की दाखल्यावर जी तारीख आहे ती आहे, देवळात काय झाले ते आम्हाला ठाऊक नाही, आणि असे पत्र देण्याचा आमच्याकडे नमुना नाही. बाबांनी चार खेपा घातल्या. पाचव्या खेपेला एका सज्जन अधिकाऱ्याने नोंदवहीतील पहिल्या सहीच्या जबानीची आणि दुसऱ्या सहीच्या नोंदीची प्रमाणित प्रत काढून दिली. पत्र मात्र शेवटपर्यंत मिळाले नाही. त्याची जागा बाबांनी, माझ्या सासूबाईंनी आणि मामाने नोटरीपुढे केलेल्या प्रतिज्ञापत्राने घेतली. लग्नपत्रिका मराठीत होती. तिचे पूर्ण इंग्रजी भाषांतर, भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात अशा भाषांतरकाराच्या सहीच्या दाखल्यासह, जोडावे लागले. इंग्रजी नसलेल्या प्रत्येक कागदाला हा नियम आहे आणि कोकणी-मराठी-पोर्तुगीज कागद असलेल्या आपल्या घरांनी तो आधीच ध्यानात ठेवलेला बरा.

त्या तारखेचा आणखी एक परिणाम आहे, जो मला नंतर कळला. १९८६ साली केलेल्या कायद्याप्रमाणे, ग्रीन कार्ड मिळते त्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील, तर कार्ड दोन वर्षांचेच आणि अटींसह मिळते. ती मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ हा अर्ज करून अटी काढून घ्याव्या लागतात. माझे कार्ड २०२४च्या ऑक्टोबरात आले. ते आणखी दीड महिना रेंगाळले असते तर दोन वर्षे भरली असती आणि दहा वर्षांचे कार्ड मिळाले असते. हा हिशेब २४ नोव्हेंबरपासून होतो, १४ डिसेंबरपासून नाही, हे घरी सांगताना बाबा खिन्नपणे म्हणाले की मामाची बस आणखी एक महिना आधी चुकायला हवी होती. त्यांचे गणित चुकले होते, पण भावना समजली.

तारखेइतकाच घोळ नावांचा आहे आणि तोही आपल्या घरातलाच. अर्जात, जन्मापासून वापरलेली इतर सगळी नावे लिहा, असा रकाना असतो. आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवरीचे नवे नाव लिहितात. माझेही लिहिले गेले, चित्रफितीत ते ठळक दिसते आणि सासरच्या आत्या मला अजून त्याच नावाने हाक मारतात. पासपोर्टवर ते कुठेच नाही. मी ते त्या रकान्यात लिहिले आणि पुढे कोणी त्याविषयी विचारले नाही. लिहिले नसते आणि कोणी चित्रफीत पाहिली असती, तर काय झाले असते कोण जाणे. आडनावांचे तर विचारूच नका. पोर्तुगीज काळातल्या नोंदींत प्रभूंचे पोरोब झाले, कामतांचे कामोतीम झाले, नाईकांच्या शेवटच्या अक्षरासाठी 'के'ऐवजी 'क्यू' आला. माझ्या पतींच्या जन्मदाखल्यावर त्यांच्या वडिलांचे आडनाव एक आणि वडिलांच्या स्वतःच्या पासपोर्टवर दुसरे. पोर्तुगालला जन्मनोंद करण्यासाठी धावपळ केलेल्या हजारो गोवेकरांना ही दुखणी पाठ आहेत; अमेरिकेला जाणाऱ्यांना मात्र ती मुलाखतीच्या टेबलावर पहिल्यांदा भेटतात.

इथे एका गोष्टीकडे, थोडे विषयाच्या कडेला जाऊन, मुलींच्या आईवडिलांचे लक्ष वेधते. दोन वर्षांच्या अटीमुळे अनेक घरांत असा समज पक्का झाला आहे की काहीही सोसून मुलीने दोन वर्षे काढावीत, कारण पुढचा अर्ज नवऱ्याच्या सहीशिवाय होत नाही. हे खरे नाही. मारहाण किंवा अतोनात छळ होत असेल, किंवा खऱ्या हेतूने केलेले लग्न घटस्फोटात संपले असेल, तर आय-७५१ एकटीने करण्याची तरतूद आहे. आणि कार्ड मिळण्याच्या आधीच छळ सुरू झाला असेल, तर १९९४च्या कायद्याने नवऱ्याला न कळवता स्वतःच अर्ज करण्याची सोय दिली आहे. सराव घेणाऱ्यांच्या संचात ही माहिती मला कुठे दिसली नाही.

जे जोडीदार अजून गोव्यातच आहेत त्यांची वाट वेगळी आहे. त्यांना मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकन वकिलातीत जावे लागते आणि तिथे व्हिसा मागणाऱ्यानेच हजर राहायचे असते, तिकडच्या जोडीदाराने विमान पकडून येण्याची सक्ती नाही. म्हणजे जोडप्याचा सराव म्हणून जे विकले जाते त्यातले अर्धे तर यांच्या कामाचेही नाही. तारखांचा आणि नावांचा प्रश्न मात्र त्यांनाही तसाच भेडसावतो, किंबहुना अधिकच, कारण खिडकीपलीकडच्या माणसाला समजावून सांगायला शेजारी कोणी नसते.

यासाठी आपल्या दैनिकाद्वारे राज्य निबंधक तथा नोटरी सेवा प्रमुखांच्या कार्यालयाला माझी विनंती आहे. पहिल्या सहीच्या वेळीच जोडप्याला एक छापील चिठ्ठी द्यावी, जिच्यात साध्या मराठीत आणि कोकणीत लिहिलेले असेल की तुमचे लग्न कायद्याने कोणत्या दिवशी झाले असे धरले जाईल आणि परदेशातील कोणत्याही अर्जात तीच तारीख लिहावी. मागणी करणाऱ्याला दाखल्यासोबत अर्ध्या पानाची इंग्रजी टीप मिळावी, की गोव्यात लग्नाची दिवाणी नोंद ही धार्मिक विधीपासून स्वतंत्र असते आणि विधी वेगळ्या दिवशी होणे येथे सर्वसामान्य आहे. त्यासाठी ना कायदा बदलायला हवा, ना नवी खिडकी उघडायला हवी. एक नमुना आणि एक शिक्का पुरे. सत्तरीतल्या माणसाला पाच खेपा घालाव्या लागू नयेत एवढीच अपेक्षा आहे. आणि आपणालाही एक नम्र सूचना: अशा सरावाच्या जाहिराती स्वीकारताना, त्यांत हमखास यशाचा दावा आहे का, एवढे तरी पाहिले जावे.

पुढच्या जुलैत आमचा आय-७५१ करायचा आहे. त्यासाठी परवा मी स्वतः कचेरीत जाऊन नोंदीच्या आणखी दोन प्रमाणित प्रती काढून घेतल्या. कारकून तेच होते, नमुना अजून नव्हता, प्रती मात्र एका दिवसात मिळाल्या. लग्नाच्या तारखेच्या रकान्यात २४ नोव्हेंबर लिहिणार आहे, बाबांच्या प्रतिज्ञापत्राची प्रत मागे जोडणार आहे, आणि पतींना आतापासून सांगून ठेवले आहे की विचारलेच, तर दोन्ही तारखा सांगा.

आपली विश्वासू,
एक वाचक
(नाव व पत्ता कार्यालयाकडे दिला आहे, कृपया प्रसिद्ध करू नये.)